महायुद्धातल्या विमानाचा रेडिओ घरच्या प्लगवर कसा चालवायचा? बीसी-४५३ साठी पॉवर सप्लायची पूर्ण माहिती

तुमच्या फोनसोबत येणारा साधा चार्जर १५ वॅटचा असतो. म्हणजे ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर. आज आपण ज्या रेडिओबद्दल बोलणार आहोत, त्याच्या व्हॉल्व्हच्या प्लेटनाही साधारण १५ वॅटच लागतात. फक्त ते २५० व्होल्ट आणि ६० मिलिअँपिअर अशा रूपात लागतात. वॅट तेवढेच, पण व्होल्टेज ५० पट. चार्जरच्या ५ व्होल्टला बोट लागलं तर काही कळतही नाही. २५० व्होल्ट डीसीला लागलं तर जीव जाऊ शकतो.

म्हणूनच हा लेख सावकाश वाचा. जुना लष्करी रेडिओ तुमच्याकडे असो वा नसो, ही सप्लाय नीट समजली की ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, फिल्टर आणि अर्थिंग या चार गोष्टी कायमच्या डोक्यात बसतील. त्या तुमच्या चार्जरपासून घरच्या इन्व्हर्टरपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतात.

आधी रेडिओची ओळख

बीसी-४५३ हा अमेरिकन लष्कराच्या विमानांतला रिसीव्हर. 'एससीआर-२७४-एन' नावाच्या सेटचा तो एक भाग होता. या सेटला 'कमांड सेट' म्हणत, कारण वैमानिक त्यावरून दुसऱ्या विमानाशी आणि धावपट्टीवरच्या माणसांशी बोलायचे. बी-१७ आणि बी-२४ सारख्या बॉम्बर विमानांत हे सेट बसवलेले होते. डिझाइन न्यू जर्सीतल्या बूनटन गावच्या एअरक्राफ्ट रेडिओ कॉर्पोरेशनचं, आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन केलं वेस्टर्न इलेक्ट्रिकनं.

सेटमध्ये वेगवेगळ्या बँडचे वेगवेगळे रिसीव्हर असत. बीसी-४५३ हा १९० ते ५५० किलोहर्ट्झ ऐकतो, बीसी-४५४ हा ३ ते ६ मेगाहर्ट्झ आणि बीसी-४५५ हा ६ ते ९.१ मेगाहर्ट्झ. बीसी-४५३ चं काम होतं जमिनीवरचे दिशादर्शक बीकन ऐकायचं. जीपीएस नव्हतं, तेव्हा वैमानिक हेडफोनमधल्या सुरावरून आपण वाटेवर आहोत की नाही हे ओळखायचे.

युद्ध संपलं आणि हे रिसीव्हर सरप्लस म्हणून, म्हणजे लष्कराला नको असलेला माल म्हणून, अमेरिकेत अगदी काही डॉलरांत विकले गेले. तिथल्या हॅम मंडळींनी ते उचलले. घरी आणल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांना एकच पडला: याला वीज कुठून द्यायची? विमानातली २८ व्होल्टची वीज घरात कुणाकडे असणार?

एका रेडिओला दोन व्होल्टेज कशाला?

आजोबांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता का? चालू केल्यावर तो लगेच बोलायचा नाही. आधी आतले व्हॉल्व्ह लाल व्हायचे आणि मग आवाज यायचा. त्याचं कारण असं.

व्हॉल्व्हच्या आत एक बारीक तार असते, तिला हीटर म्हणतात. ती तापली की तिच्याभोवतीच्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हे झालं पहिलं काम आणि त्याला कमी व्होल्टेज पण जास्त करंट लागतो. बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन समोरच्या प्लेटनं ओढून घ्यायला हवेत. हे दुसरं काम आणि त्याला जास्त व्होल्टेज पण कमी करंट लागतो. या जास्त व्होल्टेजच्या लाइनला 'एचटी' म्हणतात, म्हणजे हाय टेन्शन.

बीसी-४५३ मध्ये सहा व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येकाचा हीटर १२.६ व्होल्ट आणि ०.१५ अँपिअरचा. विमानात वीज २८ व्होल्टच्या आसपास, म्हणून डिझाइन करणाऱ्यांनी दोन-दोन हीटर एकामागे एक जोडून तीन जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला २५ व्होल्टच्या आसपास लागतात, आणि तीन जोड्या मिळून ०.४५ अँपिअर.

गणपतीच्या मखराला लावायची जुनी दिव्यांची माळ आठवा. एक दिवा गेला की पूर्ण माळ बंद. इथेही तसंच. एक व्हॉल्व्ह काढला की त्याच्या जोडीदाराचा हीटरही विझतो.

डायनामोटर: विमानातला 'चार्जर'

२८ व्होल्टपासून २५० व्होल्ट डीसी कसे करायचे? तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हते. मग रिसीव्हरच्या मागच्या बाजूला एक छोटं फिरतं यंत्र बसवलं, डीएम-३२ नावाचं डायनामोटर. एकाच आर्मेचरवर दोन वाइंडिंग. एक वाइंडिंग २८ व्होल्टवर मोटरसारखं फिरतं आणि दुसरं जनरेटरसारखी २५० व्होल्ट वीज काढतं.

आत जाते २८ व्होल्ट आणि १.१ अँपिअर, म्हणजे साधारण ३१ वॅट. बाहेर येते २५० व्होल्ट आणि ६० मिलिअँपिअर, म्हणजे १५ वॅट. निम्मी वीज उष्णता आणि घर्षणात जाते. शिवाय ते सतत घोंघावतं. विमानाच्या इंजिनांच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? पण घरातल्या टेबलावर चालवलं तर शेजारी दार वाजवतील. म्हणून डायनामोटर काढून ठेवायचा (फेकायचा नाही, मूळ भाग आहे तो) आणि त्याच्या जागी आपली सप्लाय द्यायची.

मग ऑनलाइन मिळणारं बूस्ट मॉड्यूल का नको?

हा प्रश्न तुमच्या डोक्यात आलाच असेल. १२ व्होल्ट देऊन २५०-३०० व्होल्ट काढणारी छोटी बोर्डं स्वस्तात मिळतात. फोनच्या चार्जरसारखंच त्यांचं तंत्र: करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा.

गोची तिथेच आहे. अशी सर्किट साधारण ५० ते १५० किलोहर्ट्झच्या वेगानं स्विच होतात आणि त्यांचा कचरा त्या वेगाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रिक्वेन्सीवरही पडतो. आपला रिसीव्हर ऐकतो १९० ते ५५० किलोहर्ट्झ. शिवाय त्याच्या आतली इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी आहे ८५ किलोहर्ट्झ. म्हणजे मॉड्यूलचा गोंगाट नेमका रेडिओच्या कानातच. उत्तम शिल्डिंग करून हे टाळता येतं, पण पहिल्याच प्रयत्नात नव्हे.

साधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालतो. जड असतो, पण रेडिओच्या बँडमध्ये शांत असतो. आणि हो, रेडिओ ऐकताना टेबलावरचा फोनचा चार्जरही प्लगमधून काढून ठेवा. फरक कानाला लगेच कळेल.

युक्ती: दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ

२५० व्होल्टच्या व्हॉल्व्ह सप्लायचे खास ट्रान्सफॉर्मर आता सहज मिळत नाहीत. पण १२-०-१२ व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि जवळपास प्रत्येक शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. असे दोन घ्यायचे.

पहिला नेहमीसारखा जोडायचा. घरचे २३० व्होल्ट आत, आणि दोन टोकांच्या वायरींवर २४ व्होल्ट बाहेर. मधली '०' वायर सोडून द्यायची. या २४ व्होल्टवर हीटर थेट चालतात. या व्हॉल्व्हचा कॅथोड हीटरपासून वेगळा असल्यामुळे हीटरला एसी दिला तरी चालतो.

दुसरा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडायचा. पहिल्याचे २४ व्होल्ट याच्या २४ व्होल्टच्या बाजूला द्यायचे, आणि याच्या २३० व्होल्टच्या बाजूनं जास्त व्होल्टेज बाहेर काढायचं.

आता तुम्ही म्हणाल, २३० चे २४ केले आणि २४ चे परत २३० केले, मग मिळवलं काय? दोन गोष्टी मिळाल्या. हीटरसाठी २४ व्होल्ट फुकटात मिळाले. आणि त्याहून मोठं म्हणजे आपलं एचटी घरच्या लाइनपासून वेगळं झालं. भिंतीतल्या प्लगचा आणि रेडिओच्या चेसिसचा तारेनं थेट संबंध उरला नाही, संबंध उरला तो फक्त चुंबकीय क्षेत्रातून. ट्रान्सफॉर्मर न वापरता २३० व्होल्ट थेट डायोडला देऊन एचटी काढता येतं, पण मग रेडिओचा पत्रा फेजला जोडला जाऊ शकतो. ते कधीही करू नका.

आकड्यांचा हिशोब

एसीचा २३० हा आकडा सरासरी प्रकारचा (आरएमएस) असतो. लाटेचं शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ३२५ व्होल्ट. डायोड ब्रिज आणि कॅपॅसिटर लावले की कॅपॅसिटर शिखरापर्यंत चार्ज होतो. तुमच्या फोनच्या चार्जरच्या आतही नेमकं हेच होतं. म्हणून त्यात ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर असतो.

आपल्या सप्लायला लोड नसेल तर एचटी ३०० च्या वर जाईल. घरात लाइन २५० व्होल्ट असेल तर ३५० पर्यंत. म्हणून कॅपॅसिटर ४५० व्होल्टचाच घ्यायचा. 'रेडिओला २५० हवेत, मग २५० चा कॅपॅसिटर पुरेल' हा हिशोब चुकीचा आहे. तो कॅपॅसिटर फुगेल किंवा फुटेल.

लोड आल्यावर मात्र व्होल्टेज खाली येतं, कारण छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो. दोन ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे ही घट दोनदा होते. उलट्या ट्रान्सफॉर्मरमधून २३० ऐवजी २०० च्या आसपास एसी मिळतो, त्याचे २६०-२७० डीसी, आणि फिल्टरच्या रेझिस्टरमध्ये थोडे पडून २४० च्या आसपास. म्हणजे आपल्याला हवं तिथेच. दहा-वीस व्होल्ट इकडेतिकडे झाले तरी रेडिओ तक्रार करत नाही.

आता ट्रान्सफॉर्मर किती मोठा? हीटरला ०.४५ अँपिअर. एचटीसाठी दुसरा ट्रान्सफॉर्मर पहिल्याकडून साधारण १ अँपिअर खेचेल. एकूण दीड अँपिअर. म्हणून पहिला ३ अँपिअरचा घेतला की तो गरम होणार नाही, आणि दुसरा २ अँपिअरचा पुरतो.

फिल्टर: ब्रिजनंतर एसीच्या ५० हर्ट्झची १०० हर्ट्झची लहर होते. ४७ मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरवर ६० मिलिअँपिअर लोडला ही लहर सुमारे १३ व्होल्टची असेल. हेडफोनमध्ये ती 'हम्म्' अशी ऐकू येईल. मग ४७० ओहमचा रेझिस्टर आणि पुढे आणखी एक ४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावायचा. १०० हर्ट्झला त्या कॅपॅसिटरचा अडथळा ३४ ओहम, म्हणजे लहर साधारण चौदाव्या हिश्शावर येते, १ व्होल्टच्या आत. दुसरा कॅपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा घेतला तर त्याच्याही निम्मी.

४७० ओहममध्ये ६० मिलिअँपिअर गेले की १.७ वॅट उष्णता होते. म्हणून हा रेझिस्टर ५ वॅटचा, पांढऱ्या सिमेंटचा घ्या. पाव वॅटचा घेतलात तर धूर ठरलेला.

ब्लीडर: दोन रुपयांचा रेझिस्टर, लाखमोलाचं काम

प्लग काढला म्हणजे वीज गेली, असं आपण धरून चालतो. कॅपॅसिटरला ते लागू नाही. दोन ४७ मायक्रोफॅरड कॅपॅसिटर २५० व्होल्टला सुमारे ३ ज्यूल ऊर्जा धरून बसतात, आणि व्हॉल्व्ह काढलेले असतील तर ती बाहेर जायला वाटच नसते. बऱ्याच वेळानंतर पेटी उघडून हात घातला तरी झटका बसतो. तो हात झटकन मागे येताना आणखी कशावर तरी आदळतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक कॅपॅसिटरच्या दोन टोकांना २२० किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाकायचा. त्यातून सव्वा मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो, रेडिओला काही फरक पडत नाही. बंद केल्यावर एका मिनिटात कॅपॅसिटर रिकामा होतो. दोन्ही कॅपॅसिटरना वेगवेगळा ब्लीडर का? कारण मधला ४७० ओहमचा रेझिस्टर जळून तुटला तर पहिला कॅपॅसिटर एकटा पडतो आणि भरलेलाच राहतो.

ब्लीडर असला तरी मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. ब्लीडरही खराब होऊ शकतो.

सामानाची यादी

- ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, ३ अँपिअर: १
- ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, २ अँपिअर: १
- डायोड १एन४००७: ४
- कॅपॅसिटर ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट: २
- रेझिस्टर ४७० ओहम, ५ वॅट: १
- रेझिस्टर २२० किलोओहम, १ वॅट: २
- स्लो-ब्लो फ्यूज ५०० मिलिअँपिअर आणि साधा फ्यूज १०० मिलिअँपिअर, दोन्हीचे होल्डर
- मेन स्विच (२३० व्होल्टचा, दोन्ही वायर तोडणारा) आणि एक साधा ३ अँपिअरचा स्विच
- तीन पिनचा प्लग आणि तीन कोअरची केबल
- पत्र्याची पेटी, टॅग स्ट्रिप, रबरी ग्रोमेट, हीट श्रिंक स्लीव्ह

त्याआधी: तुमचा रिसीव्हर अजून 'मूळ' आहे का?

ही पायरी कुणीही टाळू नका. युद्धानंतर अनेक हॅम मंडळींनी या रिसीव्हरची हीटर वायरिंग बदलून सहाही हीटर समांतर केले, म्हणजे तो १२ व्होल्टवर चालावा. अशा बदललेल्या सेटला २४ व्होल्ट दिले तर सहा व्हॉल्व्ह काही सेकंदांत जातील. ते व्हॉल्व्ह आता बनत नाहीत.

तपासायचं असं. सगळे व्हॉल्व्ह जागेवर ठेवून यूपीएसच्या १२ व्होल्ट बॅटरीतून, मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज आणि मीटर (१० अँपिअर डीसी रेंज) घालून हीटरला वीज द्या. अर्धा मिनिट थांबा आणि करंट बघा. ०.९ अँपिअरच्या आसपास असेल तर सेट १२ व्होल्टचा केलेला आहे. ०.३ च्या आसपास असेल तर मूळ वायरिंग आहे, त्याला २४ द्यायचे. सुरुवातीला काटा क्षणभर बराच वर जाईल, घाबरू नका. थंड हीटरचा रेझिस्टन्स गरम हीटरच्या पाच-सात पटींनी कमी असतो.

सेट १२ व्होल्टचा निघाला तरी आपली सप्लाय चालेलच. पहिल्या ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या '०' वायरपासून एका टोकापर्यंत १२ व्होल्ट मिळतात, ते हीटरला द्यायचे. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरला मात्र दोन टोकांचे २४ च. या जोडणीत चेसिसला '०' ची वायर जोडायची.

हीटरची पिन कोणती, हे इंटरनेटवरच्या चित्रावर विसंबून ठरवू नका, कारण आधीच्या मालकानं काय बदललं हे चित्राला माहीत नाही. मीटरनं शोधा. व्हॉल्व्ह लावलेले असताना जी पिन चेसिसशी काही ओहम दाखवते आणि सगळे व्हॉल्व्ह काढल्यावर उघडी होते, ती हीटरची लाइन. एचटीची लाइन शोधायला शेवटचा १२ए६ व्हॉल्व्ह पकडा. त्याच्या सॉकेटच्या ३ नंबर पिनपासून (प्लेट) आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून जाणारा रस्ता एचटीला मिळतो.

एचटीची लाइन आणि चेसिस यांच्यातला रेझिस्टन्सही मोजा. काही हजार ओहम किंवा जास्त असेल तर पुढे जा. शंभर-दोनशे ओहमच आला तर आत एखादा जुना कॅपॅसिटर शॉर्ट आहे, आधी तो बदला.

जोडणी, क्रमानं

१. केबल पेटीत ग्रोमेटमधून आत घ्या आणि गाठ किंवा क्लॅम्प मारा, म्हणजे ओढली तरी सुटणार नाही. फेज (तपकिरी, जुन्या केबलमध्ये लाल) आधी ५०० मिलिअँपिअर फ्यूजला, मग स्विचला. न्यूट्रल (निळी, जुन्यात काळी) स्विचच्या दुसऱ्या बाजूला.

२. अर्थ (हिरवी-पिवळी) पेटीच्या पत्र्याला. त्या जागचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, नटबोल्टनं घट्ट. फक्त सोल्डर नको.

३. स्विचमधून पहिल्या ट्रान्सफॉर्मरची २३० बाजू.

४. पहिल्याच्या २४ व्होल्टचं एक टोक चेसिसला आणि दुसरं टोक रेडिओच्या हीटरला.

५. तेच २४ व्होल्ट साध्या स्विचमधून दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या २४ बाजूला. हा झाला एचटी स्विच. गंमत बघा, २५० व्होल्ट चालू-बंद करायला २४ व्होल्टचा स्विच पुरला.

६. दुसऱ्याच्या २३० बाजूच्या वायरी डायोड ब्रिजला. डायोडवरची पांढरी पट्टी ज्या बाजूला, ती प्लस. दोन पट्ट्या जिथे भेटतात तो ब्रिजचा प्लस, दोन बिनपट्टीची टोकं भेटतात तो मायनस.

७. प्लसवरून पहिला कॅपॅसिटर, ४७० ओहम, दुसरा कॅपॅसिटर, १०० मिलिअँपिअर फ्यूज आणि मग रेडिओची एचटी. दोन्ही कॅपॅसिटरचे मायनस, ब्रिजचा मायनस आणि रेडिओचा चेसिस एकत्र. दोन्ही ब्लीडर कॅपॅसिटरच्या पायांवरच सोल्डर करा.

८. रेडिओच्या गेनच्या पिनपासून चेसिसपर्यंत ५० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर लावा. विमानात हा कंट्रोल वैमानिकाजवळ वेगळ्या पेटीत होता. तो नसेल तर सगळं बरोबर असूनही रेडिओ मुका राहतो.

पहिल्यांदा चालू करताना

आपले इलेक्ट्रिशियन ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात तो इथे कामाला येतो. ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब (एलईडी नव्हे) फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये लावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि तुमचं सामान वाचेल. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होईल.

आधी रेडिओ न जोडता फक्त सप्लाय तपासा. मग हीटर जोडा, एचटी स्विच बंद ठेवून. अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह हाताला कोमट लागायला हवेत. त्यानंतर बल्ब काढून एचटी स्विच चालू करा. हीटर आधी आणि एचटी नंतर, असाच क्रम नेहमी ठेवा. थंड व्हॉल्व्ह करंट खेचत नाहीत, त्यामुळे एचटी तीनशेच्या वर जातं आणि तो भार ऐंशी वर्षं जुन्या कॅपॅसिटरवर पडतो.

हेडफोन कोणता? या रेडिओचं आउटपुट ३०० किंवा ४००० ओहमच्या जुन्या हेडफोनसाठी आहे. तुमचे इअरफोन ३२ ओहमच्या आसपास असतात. मध्ये छोटा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावला तर चालतील.

सुरक्षेच्या या गोष्टींवर तडजोड नाही

घरात आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करतो. आपलं एचटी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे आहे. तुमच्या शरीरातून एचटीचा करंट गेला तरी तो परत दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरकडेच जातो. आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तो पडणार नाही.

तिसरी पिन आहे म्हणजे अर्थिंग आहे, असंही नाही. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात आणि मागे अर्थची वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

चालू सर्किटवर मोजमाप करताना एक हात खिशात. दोन्ही हात सर्किटमध्ये असले तर करंट छातीतून जातो. मीटरची काळी प्रोब आधीच क्लिपनं चेसिसला लावा आणि लाल प्रोब एका हातानं धरा. अंगठी, कडं, मेटलचं घड्याळ काढून ठेवा. पायात रबरी चप्पल हवी. घरात एकटे असताना हे काम नको. सोबतच्या माणसाला मेन स्विच कुठे आहे ते आधी दाखवा.

२३० व्होल्टचं काम कधीच केलं नसेल तर पहिल्या तीन पायऱ्या माहितगार माणसाकडून करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

काही नेहमीचे प्रश्न

*२५० व्होल्टच हवेत का?* नाही. हे रिसीव्हर शंभर-दीडशे व्होल्टवरही हेडफोनपुरता आवाज देतात. सुरुवात कमी व्होल्टेजनं केली तर जुन्या कॅपॅसिटरवरचा ताणही कमी. पण १०० व्होल्ट डीसीही धोक्याचेच, काळजी तेवढीच.

*यासाठी लायसन्स लागतं का?* बीसी-४५३ फक्त ऐकतो, बोलत नाही. याच सेटमधले ट्रान्समीटर वेगळे, त्यांना पाचशेहून जास्त व्होल्ट लागतात. हवेत सिग्नल सोडायचा असेल तर भारतात केंद्र सरकारची परीक्षा देऊन हॅम लायसन्स घ्यावंच लागतं.

*मग यावर ऐकायचं काय?* विमानतळांचे जे बीकन अजून चालू आहेत ते या बँडमध्ये मोर्समधून आपली अक्षरं पाठवत असतात. शिवाय याची जुनी ख्याती वेगळीच आहे. ८५ किलोहर्ट्झच्या आयएफमुळे तो जवळजवळचे सिग्नल फार छान वेगळे करतो. म्हणून अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी तो ४५५ किलोहर्ट्झवर लावून आपल्या मोठ्या रिसीव्हरच्या मागे जोडला आणि त्याला 'क्यू-फायव्हर' नाव दिलं. रेडिओच्या भाषेत 'क्यू-५' म्हणजे अगदी स्पष्ट ऐकू येतंय.

एचटी स्विच चालू केल्यावर आधी थोडी खरखर येते, मग गेन वाढवला की बँड जिवंत होतो. ऐकून झालं की एचटी बंद, मग मेन बंद, मग प्लग बाहेर. पेटी उघडायची असेल तर एक मिनिट थांबा, मीटर लावा, शून्य बघा, आणि मगच हात घाला.